लिफ्टमास्तरची दहावी

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चुकीचं उत्तर दिलं की आपला मजला मिळायचा नाही. थट्टा नाही करत, खरंच सांगते. तुम्ही बाजारातून दमून येणार, दोन्ही हातांत पिशव्या, आणि तो लिफ्टमन स्टुलावर बसल्या बसल्या विचारणार, "आजी, प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय, सांगा बघू." उत्तर आलं तर सातवा मजला. नाही आलं तर सहाव्यावरच जाळी सरकवायचा आणि म्हणायचा, "उतरा. एक जिना चढेपर्यंत आठवेल." एकदा मी पिशवीतली मेथीची जुडी काढून त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, "हिला विचार. ती रोज करते." तेव्हा हसला आणि मुकाट सातव्याला नेलं. अशा वागण्यामुळे त्याचं नाव पडलं लिफ्टमास्तर. खरं नाव पगाराच्या वहीत असेल, बिल्डिंगमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

आता कुणी म्हणेल, लिफ्टमनला कसल्या आल्या परीक्षा? तर ऐका. आमची मुलुंडची सोसायटी जुनी, सात मजली, लिफ्ट त्याहून जुनी वाटावी अशी. ओढायची जाळी, आत पिवळा दिवा, आणि चालवायला माणूस. एका वर्षी सभेत ठरलं की आपोआप चालणारी नवी लिफ्ट आणायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर डोक्यात आलं, की अरे, मग हा काय करणार? सेक्रेटरींनी त्याला सरळ सांगितलं, "वर्षभर आहेस तू. पुढचं बघून ठेव." माप घ्यायला लिफ्ट कंपनीचा इंजिनिअर आला होता, त्याला मास्तरने चहा पाजून विचारून घेतलं. कंपनी हेल्पर घेते, काम शिकवते, पगारही चांगला. पण दहावी पास पाहिजे. आणि आमचा मास्तर नववीत दोनदा गटांगळी खाऊन गावाहून मुंबईला आलेला, त्यालाही पंधरा-सोळा वर्षं झालेली. म्हणजे वर्षात दहावी, नाहीतर परत मालवणकडचं गाव. "गावाक काय आसा?" मला म्हणाला. "आवस, चार माड आणि मोठ्या भावाचा तोंड." आवस म्हणजे आई. एरवी तो आपल्यासारखंच मुंबईचं बोलायचा, पण घाबरला की मालवणीत शिरायचा.

मुक्त शाळेची ऑनलाइन दहावी असते हे त्याने मोबाइलवर शोधून काढलं. नाव नोंदवायला फॉर्म. तो भरायचा लिफ्टमध्ये, कारण बारा तास तो तिथेच. पण लिफ्ट हलली की नेटवर्क जायचं आणि फॉर्म पुन्हा पहिल्या पानावर. आडनावापर्यंत पोचला की पाचव्याची घंटा. आधार नंबरापर्यंत पोचला की दुसऱ्याची. तीन दिवस हे चाललं. फोटो पांढऱ्या भिंतीसमोर पाहिजे म्हणे, आणि आमच्या बिल्डिंगची एक भिंत पांढरी राहिलेली नाही. शेवटी मी आणि शेजारच्या दोघींनी माझी नवी चादर धरली त्याच्यामागे. फोटोत कोपऱ्यात माझ्या बांगड्या आल्यात. चालला तो फोटो. शाळा सोडल्याचा दाखला भावाने गावाहून मोबाइलवर पाठवला, सोबत एक ओळ, "आता या वयात कसली थेरं." मास्तरने दाखला ठेवला आणि ओळ पुसून टाकली.

संध्याकाळी शाळेच्या बाई मोबाइलवर शिकवायच्या. तेव्हाही तेच दुखणं. बाई म्हणणार, "हृदयाला चार..." आणि लिफ्ट सुटली की बाई मुक्या. चार काय ते दुसऱ्या मजल्यावर कळायचं. त्यातून एवढं लक्षात आलं, की चौथ्या मजल्यावर लिफ्ट उभी केली तर सेक्रेटरींच्या घरातलं वायफाय जाळीपर्यंत येतं. पण पासवर्ड? मग काय, मी त्यांच्या बायकोकडे हळदीकुंकवाला गेले आणि वाणाबरोबर पासवर्डही घेऊन आले. "मुलाशी व्हिडिओवर बोलायचंय हो जरा," म्हटलं. देवाने माफ करावं. तेव्हापासून संध्याकाळी लिफ्ट सारखी चौथ्यावर अडायला लागली. खालून कुणी ओरडलं तर मास्तरचं ठरलेलं उत्तर, "घाई असेल तर जिना आहे!" आणि सेक्रेटरींनी विचारलं तर मी सांगायचे, "जाळी नीट लागत नाहीये हो, जुनी झाली बिचारी."

गणितात सरासरीचा धडा आला तेव्हा तर कहर झाला. लिफ्टमध्ये पाटी होती, सहा माणसं आणि एकूण किती किलो, ते. मास्तर म्हणाला, पुस्तकातली खोटी उदाहरणं कशाला, खरी माणसं आहेत की. जो चढेल त्याला वजन विचारायचा आणि वहीत मांडायचा. पुरुषांनी सांगितलं. आम्हा बायकांचं मात्र एकजात पंचावन्न. दोन दिवस हिशेब करून म्हणाला, "आजी, ह्या आकड्यांप्रमाणे आपली लिफ्ट फुलासारखी वर गेली पाहिजे. मग रोज कण्हते ती का?" मी म्हटलं, "तुझं गणित कच्चं आहे." "गणित नाय, माहिती कच्ची आहे," म्हणाला. हे मात्र शंभर टक्के बरोबर होतं.

माझ्याकडे त्याने मराठी सोपवलं होतं. चष्मा लावून रोज दोन पेपर वाचते म्हणून त्याला वाटायचं मी मोठी शिकलेली. मीही कशाला सांगते, सातवीनंतर चूल हातात आली आणि पुढचं सगळं पुड्याच्या कागदांवर वाचलं म्हणून! निबंधाचा गृहपाठ आला, 'माझा आवडता ऋतू'. मी म्हटलं, तू फक्त लिही, मी सांगते. चार पानं सांगितली. हिवाळा, शेकोटी, माझ्या आईची गोधडी, मामाच्या शेतातले हरभरे, सगळं घातलं. आठवड्याने तपासून आला. दहापैकी साडेचार! खाली बाईंचा शेरा, "भाषा फार गप्पिष्ट. विषयाला धरून लिहावे." माझा असा संताप झाला म्हणून सांगू. मास्तर जाळीला डोकं टेकून हसत होता. "आजी, पुढचा मी लिहितो. तुमच्या नादाने माझी नोकरी जायची." पुढच्याला त्याला सात मिळाले. मी दोन दिवस जिन्याने गेले. म्हणजे, खाली उतरताना.

मग आली इंग्रजीची तोंडी परीक्षा. ती व्हिडिओवर व्हायची होती, आणि नियम असा की उमेदवार बंद खोलीत एकटा पाहिजे. दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर परीक्षा रद्द, आणि मग सहा महिने थांबा. तोपर्यंत नवी लिफ्ट आलेली असणार. मास्तर राहायचा मीटरच्या खोलीत दोन वॉचमनबरोबर, त्यातला एक कायम झोपलेला आणि घोरणारा. मी म्हटलं, माझ्याकडे ये. तर म्हणतो, "तुमच्या घरात तुम्ही असणार. तुम्ही गप्प बसणार, आजी?" खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. मग बंद दाराची, एकट्या माणसाची, नेट येणारी मुंबईत एकच खोली उरली. चौथ्या मजल्यावरची लिफ्ट.

वेळ दिली होती दुपारी तीनची, बिल्डिंग झोपलेली असते तेव्हाची. पण आधीच्या मुलांचं लांबत गेलं आणि ह्याचा नंबर लागला पावणेसहाला. खाली वॉचमनने 'लिफ्ट बंद' पाटी लावली. मी चौथ्यावर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसले, म्हणजे येणाऱ्याला खुणेने गप्प करता यावं. दोघीतिघी आल्या, खूण बघून चपला हातात घेऊन वर गेल्या. आणि मग खालून धाप ऐकू आली. सेक्रेटरी! हातात कलिंगड, कपाळावर घाम, आणि त्यांचा उजवा गुडघा म्हणजे अख्ख्या सोसायटीला पाठ असलेलं दुखणं. चौथ्यावर पोचले, जाळीतून पाहिलं तर लिफ्टमध्ये दिवा चालू, पंखा चालू आणि आमचा मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर ताठ बसलेला. त्यांनी तोंड उघडलं मात्र, मी उठून हात त्यांच्या तोंडावर ठेवला. तांदळाचाच हात. पंचवीस वर्षांच्या शेजारात मी त्यांना नमस्कारापलीकडे काही केलं नव्हतं. कानात म्हटलं, "परीक्षा आहे. एक शब्द काढलात तर त्याचं वर्ष जाईल."

तेवढ्यात मोबाइलमधल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही काम करता त्या जागेबद्दल सांगा. मास्तर म्हणाला, "माका..." आणि थांबला. मग त्याने कॉलर सारखी केली आणि सुरू केलं, "आय वर्क इन लिफ्ट. लिफ्ट इज स्मॉल रूम. सेव्हन फ्लोअर. ऑल पीपल आय नो." बाई म्हणाल्या, त्यातल्या एकाबद्दल सांगा. मास्तरने समोर पाहिलं. जाळीपलीकडे कलिंगड धरून सेक्रेटरी उभे. मला वाटलं, आता बेशुद्ध पडतो हा. पण पठ्ठ्या त्यांच्याकडेच बघत म्हणाला, "फोर्थ फ्लोअर, सेक्रेटरी सर. हिज नी इज पेनिंग. एव्हरी डे आय टेक हिम अप. टुडे सर वॉकिंग, बिकॉज ऑफ मी. सर इज व्हेरी अँग्री." पुढे म्हणाला, "बट सर इज नॉट स्पीकिंग. सर इज गुड मॅन. आय अ‍ॅम सॉरी, सर."

बाई म्हणाल्या, व्हेरी गुड.

मी हात काढला. मोबाइल बंद झाल्यावर सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "आधी ती लिफ्ट चालू कर," आणि घरात गेले, दार जरा जोरात लावून. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस, सही-शिक्क्यासह: 'लिफ्टचा वापर शैक्षणिक कारणासाठी करण्यास सक्त मनाई आहे.' आम्ही ती तीनतीनदा वाचली. पण वायफायचा पासवर्ड मात्र त्यांनी बदलला नाही. आम्ही काय समजायचं ते समजलो, आणि लिफ्टची जाळी पुन्हा चौथ्यावर बिघडायला लागली.

निकाल लागला त्या सकाळी चौथ्यावर मास्तरने मोबाइल माझ्या हातात कोंबला. "आजये, तूच बघ गो." त्या दिवशी पहिल्यांदा मला अगं-तुगं केलं त्याने, आणि त्यालाच कळलं नाही. माझा चष्मा नेमका वर राहिलेला. आमची कुजबुज ऐकून सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले, मोबाइल घेतला आणि लांब धरून वाचायला लागले. मराठी एकसष्ट. विज्ञान सत्तर. गणित अडतीस. "वाचलास," म्हणाले. इंग्रजी तोंडी वीसपैकी अठरा. तिथे थांबले, मान वर केली. "ह्यातले दहा माझ्या गुडघ्याचे."

महिन्याभरात त्याला कंपनीने घेतलं. आमच्याकडे तेवढ्यापुरता एक बदली माणूस आला, तो काही विचारायचा नाही, सगळ्यांना बरोबर मजल्यावर सोडायचा. कंटाळा आला अगदी.

आणि जुनी लिफ्ट काढायला माणसं आली, त्यांत मास्तर! गणवेश, पायात जाड बूट, छातीला नावाचा बिल्ला. हे काम मागून घेतलं म्हणे त्याने. तीन आठवडे लिफ्ट नव्हती आणि मी सातव्यावर अडकलेली. रोज चहाच्या वेळेला भाजी घेऊन वर यायचा. एकदा हात धरून मला जिन्याने सहाव्यावर नेलं आणि लिफ्टच्या उघड्या भुयारात टॉर्च मारला. खाली लोखंडी ठोकळ्यांची एक चळत टांगलेली. "आपण वर जातो ना आजी, तेव्हा हे खाली येतं. मोटर एकटी नाय ओढत आपल्याला. ह्याचा भार असतो म्हणून जमतं."

मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी वर जात होते आणि हे बिचारं दर वेळी अंधारात खाली उतरत होतं, मला पत्ताच नाही.

"माझं पण तसंच झालं," तो टॉर्च विझवत म्हणाला. "एक वजन चौथ्यावर होतं, एक सातव्यावर."

"वजन कुणाला म्हणतोस रे मेल्या?"

"तुम्हालाच. साहेब तसे हलके आहेत."

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग डोळ्यात काही गेलं, भुयाराची धूळ फार होती. तेव्हाच त्याला सांगून टाकलं, की मी सातवीच शिकलेय. त्याने टॉर्च खिशात घातला. मग म्हणाला, "तरी म्हटलं, साडेचारच कसे मिळाले."

नव्या लिफ्टच्या पहिल्या दिवशी त्याने मला आत उभं केलं. बटण मीच दाबलं. तो डॉक्टरसारखा कान लावून छताचा आवाज ऐकत होता. सातव्याला दार उघडलं. म्हटलं, "चल, चहा टाकते."

"आज नाय जमणार. कांजूरला एका बिल्डिंगमध्ये बाई अडकल्यात लिफ्टमध्ये. घाबरल्यात, फोन आलाय."

"मग जा की! उभा काय राहिलास?"

दार आपोआप मिटलं. पुढे आमची बिल्डिंग दुसऱ्या माणसाकडे गेली आणि ह्याला कंपनीने नाशिकला पाठवलं. दिवाळीला फोन करतो, बारावीचा फॉर्म भरलाय म्हणतो. कांजूरच्या त्या बाई कोण होत्या, मला माहीत नाही. पण त्या दिवशी, चहाचं आधण उतू जाईपर्यंत, मला त्यांचा भारी हेवा वाटला.