दाराचा आर्खोन

योर्दानिसला पदवी मिळणार ही बातमी तातावलाभर पसरायला एक दुपार पुरली. सांगायची कुणाला, हाच प्रश्न होता. इस्तंबूलच्या या ग्रीक वस्तीत आता माणसंच कुठे उरली होती! जो तो अथेन्सला निघून गेला, आणि योर्दानिस मात्र रोज सकाळी रिकाम्या चर्चचं दार उघडत राहिला. म्हणून बिशपांनी त्याला आर्खोन करायचं ठरवलं. कधीकाळी अथेन्सच्या राज्यकर्त्यांना हा शब्द लावत; आता चर्च ती मानाची पदवी म्हणून देतं. त्यातही आर्खोनांचे निरनिराळे हुद्दे असतात, आणि योर्दानिसच्या वाट्याला आला तो द्वारपालाचा.

"द्वारपाल," एवांथिया त्याच्या शर्टाला इस्त्री करता करता म्हणाली. "शोभतं हो तुला."

ती त्याची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली, बिनलग्नाची, त्याच्याच घरात राहणारी. त्याला टोमणा कळला असावा. तो उगाच कोटाचं बटण चाचपत बसला.

एकोणीसशे चौसष्ट साली ग्रीक पासपोर्टवाल्यांना देश सोडायचा हुकूम आला. एवांथियाचा पांदेलिस त्यांच्यातलाच. तिने त्याच्याबरोबर जायचं ठरवलं होतं, पण आई अंथरुणाला खिळलेली. बोटीच्या दिवशी योर्दानिसने एवांथियाच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून, दुकानावर जातो म्हणत, तो निघून गेला. घसा बसेपर्यंत ती ओरडली. संध्याकाळी त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "आईला सूप दे." पांदेलिसने पुढे ग्रीसमधल्या पिरेयसला लग्न केलं, मुलंबाळं झाली, वारलाही. घरात त्या दिवसाबद्दल पुन्हा चकार शब्द निघाला नाही. दुकान लांब होतं, त्याला काही ऐकू गेलं नसेल, एवढ्या एका समजुतीवर एवांथियाने त्याच्याबरोबर जन्म काढला.

पदवी देताना बिशप "आक्सिओस" म्हणतात, म्हणजे हा लायक आहे. लोकांनीही तोच शब्द तीनदा मोठ्याने म्हणायचा असतो.

"जोरात ओरड हं," शेजारची मादाम स्मारो तिला चर्चच्या पायरीवर म्हणाली. "आपण मूठभर, त्यात मला दमा."

"बघू."

"बघू काय? सख्खा भाऊ आहे ना तुझा?"

"म्हणूनच बघू म्हणतेय."

तो शब्द आपल्या तोंडून निघेल की नाही, हे तिलाच ठाऊक नव्हतं. शब्द तसा लहान होता. बिशपांनी योर्दानिसच्या गळ्यात क्रूस घातला आणि पुकारा केला. पाठोपाठ चारदोन म्हातारे आवाज उठले, त्यात स्मारोचा खोकला. एवांथियाने तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या वेळी योर्दानिसने मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं. तो तिलाच शोधत होता, आणि भ्यालेला होता. तिला त्याची दया आली, हे खोटं नाही. पण तिसरा पुकारा झाला, विरला, तरी तिचे ओठ मिटलेलेच राहिले.

घरी आल्यावर तो कोट न काढताच बसून राहिला. तिने कॉफी केली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"तुझा आवाज ऐकू आला नाही मला," तो म्हणाला.

"नाही ना?" ती समोर बसली. "बोटीच्या दिवशी मी एवढी ओरडले, योर्दानिस. तेव्हाही तुला ऐकू आला नव्हता."

त्याने गळ्यातला क्रूस काढून टेबलावर ठेवला.

"आला होता," तो म्हणाला. "दुकानावर गेलोच नव्हतो मी. बोट सुटेपर्यंत आपल्या घराखालच्या बेकरीच्या भिंतीला टेकून उभा होतो."