गुरुवारचा वस्तरा आणि खोबरेल

"दत्ता, हा डाग कोनी पाडलान?"

मुकादमभाईंनी वस्तरा माझ्या नाकापुढे धरला. पात्याच्या पाठीकडे तांबूस ठिपके उठले होते. एक तर चांगला तांदळाएवढा.

"मी नाही पाडला."

"हात कोनाचा लागतो याला? तुझाच ना? मग सही कर."

त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. वॉर्निंग लेटर. माझ्या निष्काळजीपणामुळे गिऱ्हाइकाची वस्तू खराब झाली, असं मीच कबूल करतोय, अशी भाषा. मी कागद वाचला, परत सरकवला आणि सही केली नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. कतारला, दोह्यात अल नस्र भागात आमचं सलून होतं, सहा खुर्च्यांचं. मुकादमभाई मॅनेजर, खेडकडचे. मी कराडकडचा. आजोबा आणि वडील दोघांचा हाच धंदा, त्यामुळे वस्तरा मी शाळेच्या पाटीआधी हातात धरला होता. सलूनमध्ये सगळ्यांची दाढी ब्लेड बदलायच्या वस्तऱ्याने व्हायची. अपवाद एकच, अबू सालेम. या वृद्ध कतारी गृहस्थांकडे वडिलांच्या वेळचे सात वस्तरे होते, आठवड्याच्या वारांप्रमाणे. प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं; डाग पडला तो गुरुवारचा. लाकडी पेटीसकट ते आमच्याकडे ठेवलेले असायचे आणि धार लावायचं काम माझ्याकडे. उन्हाळ्यात अबू सालेम दोन महिने बाहेरगावी जायचे. तसे गेले होते आणि पेटी आमच्याकडे पडून होती.

सही केली असती तर लेटर मालकाकडे गेलं असतं आणि माझा व्हिसा कॅन्सल. पण खरं सांगतो, मला जास्त झोंबलं ते दुसरंच. माझ्या हातातल्या वस्तऱ्याला गंज चढला, असं कागदावर येणार होतं. माझ्या घरात हे कुणी ऐकूनही घेतलं नसतं.

आता माझी बाजूही सांगतो, कारण मी काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. त्या वस्तऱ्यांना दर आठवड्याला तेल मीच लावत होतो. खोबरेल. मुकादमभाई सुट्टीवरून येताना गावचं खोबरेल कॅन भरून आणायचे आणि केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला तेच. "वस्तऱ्यांनाही हेच लाव" असा त्यांचा हुकूम. मी एका शब्दाने हरकत घेतली नाही, कारण माझे वडीलही खोबरेलच लावायचे. फरक एवढाच की त्यांचा वस्तरा रोज दहा दाढ्या करायचा. त्याच्यावर तेल बसून राहायला वेळच नव्हता.

त्या दिवशी चिडून मी पेटीसमोरच बसून राहिलो. दुपारी एक ते चार सलून बंद असायचं, एसी मात्र चालू. चार वाजता मुकादमभाई आले. नेहमीप्रमाणे त्यांनी बखूर पेटवला, म्हणजे तिथला सुगंधी धूप, आणि वास रस्त्यापर्यंत जावा म्हणून दोन्ही दारं सताड उघडली. ऑगस्टची दमट हवा आत आली. बघता बघता सगळे आरसे धूसर झाले. मी पेटीतला वस्तरा उचलून बोट फिरवलं. ओला! गार पोलादावर आरशासारखंच दव धरलं होतं. आणि पेटी दाराजवळच्या शेल्फवर, झाकण उघडं टाकून, कारण गिऱ्हाइकांना दिसली पाहिजे ही मुकादमभाईंचीच हौस.

"डाग माझ्या हाताने नाही पडला. तुमच्या दाराने पडला," मी सरळ म्हणालो.

"दारानं लोखंड गंजतं? शहाणा झालास!"

"दाराने आणि तुमच्या खोबरेलाने. अबू सालेम यायला दहा दिवस आहेत. तोवर मला करून बघू द्या. चुकलो तर सही करतो आणि माझं तिकीटही काढा."

"काढीन, काढीन."

अडगळीतून मी सहा जुने वस्तरे काढले. सगळे जुन्या पोलादाचे. स्टेनलेस सहसा गंजत नाही, हे पोलाद लगेच गंजतं, पण धार धरावी तर यानेच. घासून सगळे लख्ख केले. एक कोरडा ठेवला. बाकीच्यांना एकेक तेल: खोबरेल, ऑलिव्ह, शेजारच्या टेलरकडचं शिलाई मशीनचं, गॅरेजमधला गंज सोडवायचा स्प्रे, आणि पाचवं लिक्विड पॅराफिन. ते मेडिकलमध्ये बद्धकोष्ठावर मिळतं. काउंटरवरच्या केरळी फार्मासिस्टने काळजीने विचारलं, "कितने दिन से तकलीफ है?"

"मेरे को नहीं, उस्तरे को है."

सहाही वस्तरे त्याच शेल्फवर ठेवले. रोज चारला बखूर आणि दारं उघडी. मुकादमभाई जाता-येता डोकावायचे.

कोरडा तिसऱ्या दिवशीच तांबूस झाला. खोबरेल एसीत थिजलं. पांढऱ्या कवड्या धरल्या, मधलं पोलाद उघडं पडलं आणि तिथेच ठिपके आले, गुरुवारच्या वस्तऱ्यासारखेच. ऑलिव्हने गंज रोखला, पण तेल चिकट व्हायला लागलं. स्प्रे चार दिवस छान होता, मग उडून गेला. त्याचं काम पाणी हटवायचं, मुक्काम करायचं नाही. मशीनचं तेल उत्तम टिकलं, पण त्याचा वास माणसाच्या ओठाजवळ कसा न्यायचा? पॅराफिनचा वस्तरा जसाच्या तसा होता. वास नाही, चिकटपणा नाही. आधी पातं पूर्ण कोरडं पुसायचं, मग दोन थेंब फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवायचा आणि पेटी बंद ठेवायची. बस.

दहाव्या दिवशी मी सहाही वस्तरे मुकादमभाईंपुढे मांडले. त्यांनी खोबरेलाचा उचलला, नखाने खरवडला आणि खाली ठेवला. कागदाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, "गुरुवारचा तळाला ठेव. म्हाताऱ्याला कशाला दाखवायचा?"

डाग मी घासून फिका केला होता, पण पोलादात बारीक खळगा राहिलाच होता.

"नाही ठेवणार," मी म्हणालो.

अबू सालेम आले. खुर्चीत बसायच्या आत मी गुरुवारचा वस्तरा त्यांच्या हातात दिला. मुकादमभाई गल्ल्यामागे कागद चाळत उभे होते.

अबू सालेमनी वस्तरा उजेडात धरला. खळग्यावर अंगठा फिरवला. "ये कौन किया?"

बोट करून मुकादमभाईंकडे दाखवता आलं असतं. पण तेल लावणारा हात माझा होता. "मैं किया," मी म्हणालो. "गलत तेल लगाया, पेटी खुली रही. अब सही तेल है. ये धार का तरफ नहीं गया."

त्यांनी वस्तरा उलटा करून मूठ माझ्याकडे केली, मान मागे टाकली आणि गळा उघडा केला.

"यल्ला, चलो. इसी से करो."

वार मंगळवार होता. इतक्या वर्षांत त्यांनी वार कधी मोडला नव्हता. त्यांच्या गळ्यावर एक ओरखडाही उठला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

ते गेल्यावर मुकादमभाईंनी लेटर फाडलं. पुढे आम्ही बरीच वर्षं एकत्र काम केलं. तेलाबद्दल एवढं शिकलो की ते टिकलं पाहिजे आणि घट्ट होता कामा नये. हुकमाबद्दल शिकलो की चुकीचा हुकूम गुपचूप पाळला तरी गंज पाळणाऱ्याच्याच नावावर चढतो. त्यानंतर मी कुठलाच हुकूम गुपचूप पाळला नाही. मुकादमभाईंनाही सवय झाली. काहीही सांगायचं असलं की आधी माझ्याकडे बघून म्हणायचे, "नाय म्हनायचं असंल तर आत्ताच म्हन बाबा."

बहुतेक वेळा मी म्हणायचोच.