चाकणचं सोबती मंडळ आणि नवनाथची सही

कल्पना करा, तुम्ही सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात बाकड्यावर बसला आहात. पहिली शिफ्ट संपवून थेट आलात, अंगात अजून कंपनीचा युनिफॉर्म आहे. समोरच्या खाटेवर एक माणूस झोपला आहे. त्याला तुम्ही आज पहिल्यांदा पाहताय, त्याचं आडनावही तुम्हाला माहीत नाही. सिस्टर दारातून हाक मारते, "सात नंबरचे नातेवाईक कोण?" तुम्ही उभं राहायचं आणि "मी" म्हणायचं. मग मेडिकलमधून सलाईन आणायची, रक्ताची नळी लॅबमध्ये पोचवायची, रिपोर्टच्या रांगेत थांबायचं. माणसाला संडासला जायचं असेल तर त्याचा हात आपल्या खांद्यावर घ्यायचा. यात अवघड काही नाही. फक्त पहिल्यांदा "मी" म्हणताना जीभ अडखळते.

नवनाथ मुटकुळे हे काम बरीच वर्षं करतो आहे. तो हिंगोली जिल्ह्यातला. आयटीआय करून चाकणला आला आणि रबरी पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर लागला. तिघांत मिळून एक खोली होती. पहिल्याच पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. खोलीतल्या पोरांनी रिक्षाने दवाखान्यात आणून सोडलं आणि ती शिफ्टला गेली. खाडा पडला तर हजेरीचा बोनस जातो. नवनाथ आजही त्यांना दोष देत नाही.

सिस्टरने नातेवाईक कोण म्हणून विचारलं तेव्हा त्याने स्वतःच हात वर केला.

"अरे, तू पेशंट आहेस," सिस्टर म्हणाली. "आणायला कोण जाणार?"

वॉर्डाबाहेर व्हरांड्यात एक गृहस्थ बसले होते. चाकणचे मीरासाहेब. त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. बायको बेगम हिचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. ते उठून म्हणाले, "मी हाय त्याचा. द्या चिठ्ठी. बेगमचं औषध आनायला जायाचंच हाय."

पुढचे काही दिवस मीरासाहेब दोघांची औषधं आणत राहिले.

बरा झाल्यावर नवनाथ केळी घेऊन गॅरेजवर आभार मानायला गेला. मीरासाहेबांनी केळी घेतली, आभार घेतले नाहीत. "बेगमचे टाके काढायला परत गेल्तो. तुझ्या खाटेवर आता बिहारी पोरगं हाय. त्याचं बी कोन न्हाई. तुला सुट्टी कधी?"

"गुरुवारी."

"मंग गुरुवारी जा."

मंडळाची स्थापना म्हणायची तर ती ही. उद्घाटन वगैरे झालं नाही. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची, म्हणून दर गुरुवारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून चार माणसं ऑइलच्या डब्यांवर बसू लागली. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला बसता येईना, तेव्हा गाड्यांच्या वायरींचे जुडगे, म्हणजे वायर हार्नेस, बनवणाऱ्या कंपनीतली निशिगंधा आली आणि तिच्या लाइनवरच्या दोघींना घेऊन आली. 'सोबती मंडळ' हे नाव तिचंच. अध्यक्ष कोण, असा विषय निघाला तेव्हा मीरासाहेब म्हणाले, "अध्यक्ष केला की हार आनावा लागतो. ऱ्हाऊ द्या." तो विषय तिथेच संपला. वॉर्डातल्या मावशींकडे मंडळाचे फोन नंबर असतात. एकटा पेशंट आला की त्या फोन करतात.

ही सगळी कंपनीतली माणसं, म्हणून काम लावलं तेही कंपनीसारखं. व्हॉट्सॲपवर तीन ग्रुप केले, शिफ्टप्रमाणे. जाणारा येणाऱ्याला खाटेपाशी हँडओव्हर द्यायचा: "सलाईन अर्धी, युरिन दोनदा, सकाळचं जेवण रिजेक्ट." हे ऐकून साताऱ्याकडचे एक म्हातारे उठूनच बसले. "अहो, मी काय लेथ मशीन आहे का? जेवलो का नाही ते मला विचारा की." तेव्हापासून आलेल्या माणसाने आधी पेशंटशी बोलायचं असं ठरलं. पेशंट सांगेल ते ऐकायचं.

मंडळ दोन वर्षांचं झालं असेल तेव्हा ज्योतीराम आला. मराठवाड्यातला तरुण पोरगा. एका वर्कशॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसखाली त्याचा डावा हात चेंगरला होता. कंत्राटदाराचा माणूस त्याला दाखल करून निघून गेला. नवनाथची दुसरी शिफ्ट होती, त्यामुळे सकाळ त्याच्याकडे आली. सिस्टरने हाक मारली की तो नेहमीसारखा "मी" म्हणायचा.

ज्योतीरामचे वडील बबनराव एसटीवर ड्रायव्हर. आई लहानपणीच गेलेली, भावंड नाही. "बाबांना कळवू नका," तो म्हणाला. "गाडीवर असतात. डोक्यात हेच ठेवून चालवतील. बोटं शिवली की मीच सांगतो." पेशंट सांगेल ते ऐकायचं ठरलेलं होतं. नवनाथने ऐकलं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. दुपारपर्यंत ज्योतीराम बरळायला लागला, माणूस ओळखेना. नवनाथ शिफ्टला गेला नाही. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली. हात काळा पडला होता. जंतुसंसर्ग वर सरकतोय, मनगटाच्या वर कापावा लागेल, थांबलो तर कोपर जाईल, जीवही जाऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. नवनाथने बबनरावांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आगाराचा नंबर शोधून लावला, तर गाडी लांबच्या मार्गावर होती. फोन बॅगेत बंद असणार, मुक्कामी पोचल्यावर निरोप देतो, असं कळलं.

डॉक्टर ऑपरेशन थिएटरकडे निघाले होते. सिस्टरने संमतीचा कागद पुढे केला. "तुम्ही भाऊ ना? सही करा."

तीन दिवस "मी" ऐकून सगळ्यांनी तसंच धरलं होतं. आत्ता खरं सांगितलं तर डॉक्टर ऑपरेशन थांबवतील, अशी त्याला भीती वाटली. नात्यापुढे त्याने 'भाऊ' लिहिलं आणि सही केली. संध्याकाळी ऑपरेशन झालं. हात मनगटाच्या वरून गेला, जीव वाचला.

बबनराव दुसऱ्या दिवशी सकाळी खाकी कपड्यांतच आले. आधी पोराजवळ बसले, मग व्हरांड्यात आले.

"सही कुणी केली?"

"मी केली, काका."

"कागदावर भाऊ लिव्हलंय म्हणं. मला एकच लेकरू हाय. तू कवा जन्मलास?"

नवनाथ बाकड्यावरून उठून उभा राहिला.

"दोन दिस मला एक फोन कराया काय झालं व्हतं?"

"ज्योतीराम नको म्हणाला."

"आन् हात कापा, हे बी त्योच म्हणला का?"

डॉक्टरांनी बबनरावांना बसवून सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पुन्हा नवनाथशी बोलले नाहीत. डिस्चार्ज मिळाल्यावर ते पोराला घेऊन गावी गेले.

त्या गुरुवारी नवनाथने मंडळ बंद करू या म्हटलं. निशिगंधा चिडली. "भावा, तू नसती केलीस तर मी केली असती. मग माझ्यासाठी पण मंडळ बंद केलं असतंस का?"

"'मी हाय त्याचा' ह्ये तुला माझ्याकडनंच लागलं," मीरासाहेब म्हणाले. "मी औषधापुरतं म्हनलं व्हतं."

मंडळ बंद झालं नाही. पण रीत बदलली. आता हाक आली की उभं राहून "नातेवाईक नाही, सोबती आहे, काम सांगा" असं म्हणायचं. सही करायची नाही. घरी पहिल्याच दिवशी फोन करायचा. पेशंट नको म्हणाला तर काय करायचं, यावर बराच वाद झाला आणि उत्तर निघालं नाही. अजून निघालेलं नाही.

यंदा संक्रांतीनंतर नवनाथला एक फोन आला. "मुटकुळे ना? मी बबनराव. ज्योतीरामचा बाप." त्यांचा मेव्हणा तळेगावच्या एका कंपनीत होता. छातीत दुखलं म्हणून त्याला पिंपरीला दाखल केलं होतं. "मी निघालोय. पोचेस्तोवर तू बस त्याच्यापाशी."

"बसतो, काका."

"सही-बिही लागली तर करून टाक."

"आम्ही आता सही करत नाही."

पलीकडे एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता. "बरं," बबनराव म्हणाले. "बस तर खरं."

सही लागली नाही. बबनराव आले, मेव्हण्याला भेटले आणि नवनाथला गेटबाहेर चहाला घेऊन गेले. ज्योतीराम तालुक्याला झेरॉक्सचं दुकान चालवतो, त्याच्यासाठी मुली बघतोय, असं त्यांनी सांगितलं. चहाचे पैसे नवनाथला देऊ दिले नाहीत. त्या दिवसाबद्दल ते बोलले नाहीत, आणि नवनाथला विचारणं जमलं नाही. मंडळातली माणसं म्हणतात, त्यांनी तुलाच बोलावलं, यातच आलं सगळं. नवनाथला ते पटत नाही. विचारून घेतलेलं उत्तर आणि आपण धरून चाललेलं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याचं म्हणणं. पुढच्या वेळी भेटले की तो विचारणार आहे: काका, त्या दुपारी तुमचा फोन लागला असता आणि डॉक्टर तुमच्याशीच बोलले असते, तर तुम्ही काय सांगितलं असतं?