विहारातलं जगाचं पान

आमच्या मोहल्ल्यात नागपूरचं एकच वर्तमानपत्र यायचं, तेही दुपारच्या एसटीनं. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर कंडक्टर गठ्ठा खाली टाकायचा, बाबा राईस मिलमधून सुटले की आमचा अंक उचलून आणायचे, आणि संध्याकाळी विहारात वंदना झाली की तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला जायचा. मी सातवीत होते तेव्हापासून वाचणारी मीच. वाचता येणारे दुसरेही होते, पण त्यांना स्वतःचा आवाज ऐकायची हौस जास्त. मला बातमीची हौस होती.

आधी वाचायचं ते जगाचं पान. हा नियम एका म्हाताऱ्या भाऊंनी घातला होता. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस, त्यामुळे त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. "गावची बातमी आपल्याले मालूमच हाये," ते म्हणायचे, "अन् दिल्लीवाले रोज तेच बोलून राह्यले. जगाचं सांग." मी कॉलेजात गेले त्या सुमारास इराण आणि इराकची लढाई सुरू झाली. मी पान उलगडायच्या आत भाऊ विचारायचे, "थांबली का लढाई?" मी नाही म्हटलं की तंबाखू मळत मान हलवायचे. शेजारच्या दोन घरांतलं भांडण अजून मिटलं नाही, याचं वाईट वाटावं तसं त्यांना वाटायचं.

बायका सतरंजीच्या एका बाजूला बसायच्या. त्यांत एक काकी होती. माझी सख्खी नव्हे, शेजारची. धानाच्या रोवणीला बायका तिच्या शब्दावर चिखलानं भरलेल्या बांधीत उतरायच्या, असा तिचा दरारा. पण पृथ्वीवर कुठंही लेकरं मेली की पहिला पदर तिचा डोळ्याला जायचा. "कुठी हाये ते गाव?" ती विचारायची. मी म्हणायचे, लांब आहे, समुद्रापलीकडे. "लांब असन," ती म्हणायची, "पर माय तं असनच ना त्या लेकराले." तिचं रडणं सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या रडण्याची कोणी कधी चौकशी केली नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना उन्हाळ्यात माझी झोप गेली. गेली म्हणजे नकोशीच झाली. अंगात इतकं बळ आलं की एका दिवसात सगळं घर सारवून मी शेजारच्यांचं अंगण सारवायला जायचे आणि सारवता सारवता त्यांना अमेरिकेचं राजकारण समजावून सांगायचे. आईला आधी बरंच वाटलं. पोरगी कामाला लागली म्हणाली. जगाच्या पानावरची प्रत्येक बातमी मला दुसऱ्या बातमीला जोडलेली दिसायची. भूकंप, निवडणूक, विमान, सगळ्यांचा धागा एकच, आणि तो माझ्या हातात आहे अशी खात्री. ती खात्री किती गोड असते हे ज्यांना ती कधी आली नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मी आयुष्यात तेवढी सुखी परत कधी झाले नाही, आणि याची मला आजही चीड येते.

अशाच एका संध्याकाळी भाऊंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "थांबली का लढाई?"

मी म्हटलं, "थांबली."

आणि मी वाचत सुटले. दोन्हीकडच्या शिपायांनी बंदुका खाली टाकल्या. कैदी पायीपायी घरी निघाले. रशिया आणि अमेरिका आपले बॉम्ब जहाजांवर चढवून खोल समुद्रात बुडवायला निघाले, आणि परतताना तीच जहाजं उपाशी देशांत गहू उतरवणार. पानावर बोट ठेवून मी ओळीमागून ओळ वाचत होते. मी खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. मला ती अक्षरं दिसत होती.

भाऊ उठून उभे राहिले. चांगली गोष्ट ऐकली की विहारात म्हणतात तसं, हात जोडून म्हणाले, "साधू, साधू, साधू." सगळा विहार त्यांच्यामागून म्हणाला. कोणीतरी घरून गूळ आणि मुरमुरे आणले, ते वाटले. काकीनं माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. पेपरात छापलंय आणि आपल्या पोरीनं वाचलंय म्हटल्यावर शंका घ्यायची कोणाला सवयच नव्हती.

सकाळी भाऊ स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि तिथं बसलेल्यांना लढाई थांबल्याचं सांगितलं. लोकांनी कालचा पेपर काढून त्यांच्यासमोर धरला. "काहो भाऊ, तुमच्या विहारात वेगळाच पेपर येते का?" असं एक जण म्हणाला, आणि टपरी हसली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हसायला लोकांना फार आवडतं. भाऊ घरी आले, खाटेवर बसले आणि त्यांनी विहारात येणंच सोडलं. त्याच दुपारी मी स्टँडवर, सुटणाऱ्या गाड्यांच्या आडवी उभी राहून, प्रवाशांना खाली उतरा, आज कुठं जायची गरज नाही, असं सांगत होते. बाबांनी मला दंडाला धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी नागपूर.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. कधी मन वर जाणार, कधी खाली, आणि गोळ्या कायमच्या. लिथियमच्या गोळ्या, आणि अधूनमधून रक्त तपासायला नागपूरला यायचं. बाबांनी विचारलं, "पर झालं कायनं?" डॉक्टर म्हणाले, तसं एक कारण सांगता येत नाही. बाबांचं त्यानं समाधान होईना. माणसाला कारण लागतं. परतीच्या गाडीत, वाटेतलं जंगल मागं जात असताना, त्यांनी ते स्वतःच शोधून काढलं. "बातम्यानं डोस्कं फिरलं पोरीचं," त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं. रेडिओ पेटीत गेला. पेपर स्टँडवरून परस्पर विहारात जाऊ लागला आणि वाचायचं काम माझ्या वहिनीकडं आलं. ती बिचारी परदेशांची नावं आली की ठेचकाळायची, मग ती गाळून पुढं जायची. महिनोन् महिने आमच्या मोहल्ल्यात लढाई कोणाकोणात चालली आहे तेच कोणाला कळलं नाही.

मग खाली जाणं आलं. तो हिवाळा मी खाटेवर भिंतीकडं तोंड करून काढला. उठून अंघोळ करायची म्हणजे डोंगर. आई वेणी घालायला बसायची आणि मी डोकं सरळ धरू शकायचे नाही. मनात एकच गोष्ट घोळायची, की मी लढाई थांबली म्हणाले म्हणूनच ती थांबत नाही. जगात जे काही मरतंय ते माझ्या त्या एका शब्दापायी मरतंय. बातम्या तर मला बंद होत्या. पण बाजारातून भजी यायची, चणे यायचे, ते कागदातच ना! तेलानं पारदर्शक झालेला तो कागद मी उशीखाली ठेवायचे. कुठं धरण फुटलेलं, कुठं जहाज बुडालेलं, आणि बातमी मधेच फाटलेली. जिवंत वाचलेल्यांचा भाग नेहमी फाटलेल्या बाजूलाच असायचा. तो मी मनानंच पुरा करायचे, आणि माझ्या मनात कोणीही वाचायचं नाही. बाबांनी मला बातम्यांपासून वाचवलं ते असं.

गोळ्यांनी हळूहळू मला खाटेवरून उठवलं. औषधाला मी नावं ठेवणार नाही. त्याच्यावाचून मी आज नसते. हात थरथरायचे, घागरभर पाणी प्यायले तरी तहान जायची नाही, पण मी उठले. फक्त घरात आता माझ्या तोंडावर पहारा बसला होता. मोठ्यानं हसले की आई चूल सोडून दारात यायची. डोळ्यांत पाणी आलं की बाबा विचारायचे, "गोळी घेतली ना?" मांजरीचं पिल्लू मेलं तेव्हा रडले, तर लगेच नागपूरला जायची गोष्ट निघाली. बाकीच्या माणसांना दुःख व्हायचं. मला लक्षणं व्हायची.

मला एकच हवं होतं. विहारात परत वाचायला बसायचं होतं. कॉलेज सुटलं होतं. लग्नाचं बोलणं सुरू होऊन, गावातून कोणीतरी माझ्या आजाराचं कळवल्यावर, थांबलं होतं. सगळ्या जगात माझी गरज पडावी अशी तेवढीच एक जागा होती. मी बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "ठीक राहून दाखव आधी." ठीक म्हणजे कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मला कळायचं ते कळलं.

चौऱ्याऐंशी साल संपत आलं होतं. वहिनी बाळंतपणाला माहेरी, वरोऱ्याला गेली. दोन-चार दिवस पेपर नुसताच येऊन पडला. शेवटी विहारातली मंडळी बाबांकडं आली. बाबा म्हणाले, "एक दिवस पाहू."

नवं धान नुकतंच निघालं होतं. मळणीचा भुसा अजून बायकांच्या केसांत होता, आणि सगळ्या मोहल्ल्यावर नव्या भाताचा वास. सतरंजी भरली होती. भाऊंची जागा तेवढी रिकामी. मी जगाचं पान उलगडलं आणि त्यावर आफ्रिकेतल्या दुष्काळाची बातमी होती. फोटोत एक बाई जमिनीवर बसलेली, तिच्या मांडीवर मूल. मूल कसलं, काड्याच. खाली लिहिलं होतं की माणसं दिवसचे दिवस चालत अन्नाच्या छावणीकडं येतात आणि येईपर्यंत कितीतरी वाटेतच राहतात. आया मेलेली लेकरं पाठीवर घेऊन तशाच रांगेत उभ्या राहतात, कारण खाली ठेवली तर रांगेतली जागा जाते.

माझं बोट त्या ओळीवर अडलं. मी वर पाहिलं. बाबा दारापाशी बसले होते. सगळे पेपराकडं पाहत होते. बाबा माझ्या तोंडाकडं पाहत होते.

मग मी वाचलं. शाळेतलं वेळापत्रक वाचावं तसं. वाक्य आलं की त्याची नुसती अक्षरं पाहायची, अक्षरांमागं जायचं नाही. अंगठ्याचं नख तर्जनीत रुतवून ठेवलं होतं. छावणी, रांग, पाठीवरचं मूल, सगळं मी एका पट्टीत वाचून काढलं. देशाचं नाव गाळलं नाही. काकी तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती. बायकाच काय, मिलमधले दोन हमालही डोळे पुसत होते. सगळ्या विहारात कोरडी मी एकटी.

वाचून झालं तशी एक बाई दुसरीला म्हणाली, "आता ठीक दिसून राह्यली पोरगी." बाबा उठून जवळ आले. लहानपणानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरी झाली माही पोर," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. त्यांना रडू आलं ते आफ्रिकेचं नव्हतं. बाबांवर माझा राग नाही. त्या दिवशी होता, फार होता.

बाहेर चपला घालताना काकी माझ्याजवळ आली. तिचं नाक लाल झालं होतं.

"तुले काहीच नाई वाटलं का वो माय?"

"वाटलं."

"मंग रडली काऊन नाई?"

मी म्हटलं, "काकी, मी रडले असते तर उद्या वाचू दिलं नसतं."

ती बाबांशी भांडेल असं मला वाटलं. ती कोणालाही भ्यायची नाही. माझं तोंड तिनं नीट पाहून घेतलं, पदरानं आपलं नाक पुसलं आणि म्हणाली, "हो, ते बी खरं हाये." आणि घरी गेली. तिला ते पटलं. तिला ते इतक्या लवकर पटलं, याचं मला वाचलेल्या बातमीइतकंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मीच वाचलं. नंतरही मीच वाचत राहिले. पुढल्या काही वर्षांत रशियातली अणुभट्टी फुटली, आणखी किती काय काय फुटलं, बुडालं, जळालं, सगळं मी एका पट्टीत वाचलं. आधी नख रुतवावं लागायचं, मग नुसतं ओठ दाबून भागायला लागलं, आणि मग काहीच करावं लागेना. हे औषधानं झालं, आजारानं झालं, की मी स्वतःच केलं, हे मला खरंच सांगता येत नाही. नागपूरला डॉक्टरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, तुमची तब्येत उत्तम आहे.

बाबा गेले तेव्हा आई, माझा भाऊ, वहिनी, सगळ्यांनी टाहो फोडला. मी पाणी आणलं, माणसांना निरोप धाडले, विहारात त्रिशरण म्हटलं, माझा आवाज कुठंही हलला नाही. मी आतल्या आत शोधत होते. माझे बाबा गेले आहेत, आता तरी रडू येईल, म्हणून वाट पाहत होते. लोक मला पाहून आपसांत बोलत होते की बाबांनी हिच्यासाठी किती केलं, आणि बघा, पोरगी खरंच बरी झाली.