तेल पारखणारी बोटं

गारगोटी गावातले रोगी तपासून परतताना मी कोल्हापुरात एका मिस्त्रीच्या गॅरेजवर गाडी थांबवायचो. इंजिनातलं तेल तो बोटांत चोळायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "अजून जीव हाय ह्यात," नाहीतर, "बदला की डॉक्टर." तेलात मिसळायच्या औषधाची बाटली कुणी मागितली, तर खेकसायचा, "चांगलं तेल वेळेवर बदला. टॉनिक कशाला लागतंय?"

एका शनिवारी मात्र त्यानंच बाटली काढली. "तेलाचा चिकटपणाच लागंना. ह्ये घालून बघू."

"मिस्त्री, तेल परवाच तुम्ही बदललंय."

तो गोंधळला. "मग काढूनच बघतो," म्हणत गाडीखाली शिरला आणि त्यानं बूच काढलं. कढत तेल त्याच्या बोटांवरून वाहू लागलं, तरी तो शांतपणे माझ्याशी बोलत राहिला.

मी त्याला बाहेर ओढलं. बोटं भाजली होती. डोळे मिटायला सांगून टाचणी टोचली, तर ती त्याला कळली नाही. महारोगाची सुरुवात होती.

"आता ह्यावर गोळ्या निघाल्यात," मी म्हणालो. "रोग थांबेल."

"आन् बोटांतलं कळणं?"

"ते बहुतेक परत येणार नाही."

तो मग बाटली फळीवर ठेवत म्हणाला, "म्हंजे तेल चांगलंच हुतं."