होडीघराचं दार

"दोराला घाई कळते." मिस केझी फुलचर हे वाक्य ऊठसूट ऐकवायच्या. जाळं सांधताना, बिस्किटांचं पीठ मळताना, कुणी लग्नाची तारीख फार जवळची धरली तरीसुद्धा.

अमेरिकेतल्या हॅटरास बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर त्यांनी पन्नास वर्षं जाळी सांधली. वाक्य मात्र त्यांच्या आजोबांचं. आजोबा इथल्या बचावठाण्यावर होते. जहाज वाळूत रुतलं की लहानशा तोफेने दोर डोलकाठीवर फेकायचा आणि त्यावरून एकेक माणूस ओढून आणायचा, हे त्यांचं काम. तो दोर पेटीतल्या खुंट्यांवर नागमोडी मांडायला त्यांनी नातीला शिकवलं, कपडे वाळत घालायच्या दोरीवर. पण ठाण्यावर बाईमाणसाला कोण घेणार? पुढे ठाणं बंद पडलं, त्याचं संग्रहालय झालं, दाराशी तिकिटाची खिडकी आली. आजोबांच्या घरात तिकीट काढून जायचं नाही, असं म्हणून मिस केझींनी तिकडे पाऊल टाकलं नाही.

उन्हाळ्यात दर गुरुवारी आम्ही गावकरी तिथे पाहुण्यांना जुनी कवायत करून दाखवतो. त्या वर्षी लागोपाठ दोन गुरुवार दोर गुंतून अर्ध्यातच पडला. संग्रहालयाच्या साहेबांचा निरोप आला: तिसऱ्यांदा असं झालं तर तोफ काचेआड जाईल, पाहुण्यांना चित्रफीत दाखवू.

हे मी मिस केझींच्या कानावर घातलं. तिसऱ्या गुरुवारी सकाळी त्या तिकीट काढून आत आल्या.

आमचा म्होरक्या हॉलिस ऑस्टिन. त्याने मांडलेल्या दोरावर त्यांनी बोट फिरवलं. हा ताणून बसवलाय, खुंट्या उचलल्या की त्यांच्यासोबत वर येणार, असं सांगून त्यांनी सगळा दोर सोडवला आणि स्टूल ओढून पहिल्या खुंटीपासून सुरुवात केली. सैल वेढा, मग पुढचा. तास गेला, दोन गेले. पाहुणे जमू लागले तसा हॉलिस येरझाऱ्या घालू लागला.

"मिस केझी, इथे स्वेटर विणायचा नाहीये."

"स्वेटर बिघडला तर थंडी वाजते, हॉलिस. हा बिघडला तर माणूस बुडतो."

दोन वाजता पेटी उलटी करून खुंट्या जडवलेला तळ उचलला. दोर झोपलेल्या मांजरासारखा जागच्या जागी. तोफ उडाली. दोर पेटीतून पाण्यासारखा वाहत निघाला, सरळ वर चढला आणि डोलकाठी म्हणून रोवलेल्या खांबापलीकडे पडला. मग मोठा दोर गेला, आणि त्याला टांगलेल्या जाड कापडाच्या विजारीत बसून खांबावरचा हॉलिसचा मेहुणा पाय हलवत वाळूवर उतरला. जुन्या हुकमाप्रमाणे हे सारं पाच मिनिटांत व्हायला हवं. घड्याळ माझ्या हातात होतं: चार मिनिटं चाळीस सेकंद. किनारा टाळ्यांनी दणाणला. साहेबांनी स्वतः येऊन पुढच्या गुरुवारची वेळ विचारली.

हॉलिसने टोपी काढली. "पुढच्या वेळी याल ना, मिस केझी?"

"येईन. पण तिकिटाच्या खिडकीवरून नाही, होडीघराच्या दाराने. आजोबा तिथूनच यायचे."

तो जाऊन ते दार उघडून आला. मिस केझी त्यातून बाहेर पडल्या आणि पूर्वी ठाण्याचे गस्तवाले जायचे तशा पाण्याच्या कडेकडेने उत्तरेला चालू लागल्या. हॉलिस त्यांच्या स्टुलावर बसला होता. मांडीवर दुसरी पेटी घेऊन तो एकेक वेढा सैल करत होता आणि प्रत्येक वेढ्यानंतर मान वर करून त्यांच्याकडे बघत होता.