कंडक्टरकाकांची दोरी

व्यक्तिचित्र लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. नोकरीत मी इतरांच्या पत्रांतील वाक्ये नीट करून दिली. स्वतःचे वाक्य कोणापुढे ठेवण्याचे धाडस साठी उलटेपर्यंत झाले नाही. तेव्हा या लेखात जे उणे राहील ते माझे समजावे, कंडक्टरकाकांचे नव्हे.

काका भुताची गोष्ट वाचायला बसत, तेव्हा ती थांबवण्याची सोय आधी करून ठेवत. विठ्ठलवाडी डेपोतून निवृत्त होऊन ते चिखलोलीला आमच्या इमारतीत राहायला आले होते. पाऊस सरला की ऑक्टोबरातल्या दर शनिवारी, दिवेलागणीच्या सुमारास, तळमजल्यावरील खोलीत ते लहान मुलांना भुताखेतांची चित्रपुस्तके वाचून दाखवत. भिंतीलगत, पाच वर्षांच्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, त्यांनी एक दोरी ताणली होती आणि तिच्या टोकाला घंटा बांधली होती. नियम बसचाच. घंटा एकदा वाजली की गोष्ट थांबणार, दोनदा वाजली की निघणार. त्यात एक भर त्यांची स्वतःची होती : ज्याने थांबवली, डबल बेल त्यानेच द्यायची. इतर कोणी नाही, काकांनीही नाही.

पुस्तके ते उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडून आणत. काका दिसले की तो लांबूनच हाक देई, “आओ साईं, भूतवाला माल आया है!” ही पुस्तके बहुधा परदेशी असत. इंग्रजी मजकुरावर काका आपल्या टपोऱ्या अक्षरांतील मराठी पट्ट्या चिकटवत. चित्रे मात्र तिकडचीच राहत.

“काका, ऑक्टोबरमध्ये झाडाची पानं कशी गळली?” मुले विचारत.

“तिकडच्या झाडांची ड्युटी लवकर संपते. चला, पुढे सरका, मधे जागा आहे!”

एका आईने एकदा तक्रार केली, “काका, तुमच्या भुतांमुळे आमचा मुलगा बाथरूमला एकटा जात नाही हो.”

“आधी जायचा का?”

“नाही, आधीपण नाही जायचा.”

“मग भुताला कशाला बदनाम करता, ताई?”

त्या गेल्यावर मात्र ते गंभीर होऊन मला म्हणाले, “मॅडम, लहान मुलाला भीती सुट्टी द्यावी. चिल्लर. एकदम मोठी नोट हातात आली, तर ते बिचारं कुठं मोडणार?”

माझी नात मानवा तेव्हा पाच वर्षांची होती. पुस्तक बुजगावण्याचे होते. कापणी उरकलेल्या शेतातले ते बुजगावणे संध्याकाळी धुक्यातून गावात येते आणि एका घराचे दार ठोठावते. काकांनी ते जवळच्या चामटोली गावच्या शेतातले करून टाकले होते. दाराच्या पानावर मानवाने दोरी ओढली. गोष्ट थांबली. मुले काही वेळ चुळबुळली, मग ओरडू लागली, “ए मानवा, दे ना यार डबल! कितना टाइम!”

“पॅसेंजर उतरतोय. मागून ओरडायचं नाही,” काका म्हणाले.

ते एक पान तीन शनिवार चालले. काका दुसऱ्या पुस्तकाला हात लावत नसत. दाराची कडी, उंबऱ्यावरचा चिखल, खिडकीतला दिवा, सगळे मुलांना दाखवून झाले. तिसऱ्या शनिवारी मानवाने विचारले, “त्याच्या हातात काय आहे?”

“इथून दिसत नाही. पान उलटलं तर दिसेल.”

तिने दोरी दोनदा ओढली. पुढच्या पानावर बुजगावण्याचे हात रिकामे होते आणि ते विचारत होते, ‘माझी टोपी पाहिलीत का?’

“एवढंच?” मानवा म्हणाली.

“एवढंच,” काका म्हणाले.

दोन वर्षांनी काकांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. ऑक्टोबर तोंडावर आला होता. त्यांनी वहीत लिहून माझ्यापुढे धरले, ‘यंदा तुम्ही वाचा.’ मी म्हटले, मला जमणार नाही, चार माणसांपुढे माझा आवाज फुटत नाही. त्यांनी खाली लिहिले, ‘मी वाचताना तुमचे ओठ हलतात. मी बघतो.’ मी नाही म्हटले असते तर त्या वर्षी खोली बंदच राहिली असती. दुसरे कोणी तयार नव्हते.

मी बुजगावणेच निवडले. निदान ते पाठ होते. दाराच्या पानापर्यंत कशीबशी पोचले आणि तिथेच अडले. अक्षरे समोर होती, शब्द निघेना. तेव्हा काका उठले आणि त्यांनी दोरी एकदा ओढली. मला वाटले, संपले, मला उतरवले. मी पुस्तक मिटू लागले. त्यांनी मान हलवून नकार दिला आणि दोरी माझ्या हातात ठेवली.

पुढे काय आहे हे खोलीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होते. एकाने तोंड उघडलेच, तशी मानवा म्हणाली, “गप रे. आजीने डबल दिली नाही अजून.”

मुले थांबली. मग मी दोरी दोनदा ओढली.

काका गेल्या उन्हाळ्यात वारले. यंदा दोरी मी ताणली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने घुबडाच्या पानावर गोष्ट थांबवली आहे. आज दुसरा शनिवार गेला. बाकीच्या मुलांच्या आया म्हणतात, “आजी, तेवढं एक पान सोडून पुढं घ्या ना.” मी नम्रपणे नाही म्हणते. इतके नाही म्हणणे मला पूर्वी जमत नसे.

आपल्या घरी गोष्ट मोठ्याने वाचली जाते, तेव्हा ती थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असतो?